मॉर्मन पंथाचीं धर्मचिन्हें व त्यांचे अर्थ

शिलालेख व वीरगळ यांच्या अभ्यासकांस चिन्हांचा अर्थ लावण्याचा प्रसंग पदोपदीं येतो. दानलेखाच्या माथ्यावर सूर्य व चंद्र कोरलेले दिसले कीं, चंद्रसूर्य असेपर्यंत हें दान चालावें, असा त्यांचा अर्थ आपण निःशंकपणें सांगतों. कारण अशा लेखांत 'आचंद्रार्क' हें पद वारंवार येतें. परंतु तेच सूर्यचंद्र परधर्मीयांच्या मंदिरावर दिसले, तर त्यांचा अर्थ कोणत्या साधनानें ठरवावा ?

या प्रश्नाच्या विचारास अमेरिकेंतील मॉर्मन पंथाचें उदाहरण फार सोयीचें आहे. हा पंथ जेमतेम दोन शतकांचा असल्यामुळें चिन्ह कोठून आलें, कोणीं स्वीकारिलें व त्याचा अर्थ पुढें कसा पालटला, हें लेखी पुराव्यानें तपासतां येतें. जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) यानें ता. ६ एप्रिल १८३० रोजीं न्यूयॉर्क संस्थानांत या पंथाची स्थापना केली. मोरोनी नांवाच्या देवदूतानें दाखविलेल्या सुवर्णपत्रांवरून आपण 'बुक ऑफ मॉर्मन' या ग्रंथाचें भाषांतर केलें, असें तो सांगे. त्या ग्रंथावरून पंथास हें नांव पडलें. सन २०१८ पासून पंथाचे धुरीण 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हें पूर्ण नांवच वापरण्याचा आग्रह धरितात; येथें केवळ परिचयासाठीं जुनें नांव ठेविलें आहे. कार्थेज येथील तुरुंगांत जमावानें स्मिथचा वध केल्यावर ब्रिगहॅम यंग यानें बहुसंख्य अनुयायांस पश्चिमेकडे नेलें, व १८४७ त ते सॉल्ट लेकच्या खोऱ्यांत स्थायिक झाले. पुढें ह्यू फिंडले हा पंथाचा प्रचारक मुंबईस उतरला व पुण्यासहि त्यानें प्रचार केला; म्हणजे हें नांव आपल्या प्रांतास अगदींच नवें नाहीं.

१. सूर्य, चंद्र व तारे : इलिनॉय संस्थानांत नॉवू येथें पंथाचें मंदिर १८४१ त सुरू झालें. त्याच्या अर्धस्तंभांच्या तळाशीं चंद्रकोर, शिरोभागीं मनुष्यमुखी सूर्य व त्याच्याहि वर तारे कोरिले होते. स्मिथच्या १८३२ सालच्या दर्शनाप्रमाणें मरणोत्तर तीन वैभवलोक आहेत, आणि सूर्य, चंद्र व तारे यांचें तेज हें त्यांचें उपमान होय. म्हणून हे पाषाण त्या तीन लोकांचे द्योतक, असें पुष्कळ लोक सांगतात. नॉवूच्या बाबतींत हा अर्थ आम्हांस अपुरा वाटतो. त्या मताप्रमाणें ताऱ्यांचा लोक सर्वांत कनिष्ठ; येथें तर तारे सर्वांच्या वर आहेत. उलट, बायबलांतील 'प्रकटीकरण' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत सूर्य पांघरलेली, पायांखालीं चंद्र व मस्तकीं बारा ताऱ्यांचा मुकुट असलेली स्त्री वर्णिली आहे. पाषाणांचा क्रम तिच्याशीं बरोबर जुळतो; आणि मंदिराच्या कामावरील वँडल मेस या कारागिरानें आपल्या आठवणींत हाच अर्थ दिला असून, ती स्त्री म्हणजे ख्रिस्ताची मंडळी, असें म्हटलें आहे. चिरस्थायित्वाचा अर्थ येथें मुळींच नाहीं. अनुयायांनीं तें मंदिर १८४६ त सोडिलें, १८४८ त तें जळालें व १८५० च्या वादळांत त्याच्या भिंती कोसळल्या. त्याच जागीं २००२ त तें पुन्हा उभारिलें गेलें.

२. सप्तर्षि : सॉल्ट लेकचें मंदिर बांधण्यास १८५३ पासून १८९३ पर्यंत चाळीस वर्षें लागलीं. त्याच्या सहा मनोऱ्यांपैकीं पूर्वेकडील तीन उंच मनोरे मलकीसदेकाचें श्रेष्ठ याजकत्व दर्शवितात, व पश्चिमेकडील तीन अहरोनाचें. पश्चिमेच्या मधल्या मनोऱ्यावर सप्तर्षींचे तारे असून त्यांचा रोख ध्रुवाकडे आहे. वाट चुकलेल्यास याजकत्वाच्या योगें वाट सांपडते, असा त्याचा अर्थ स्थपति ट्रूमन एंजेल यानें स्वतः लिहून ठेविला आहे. तारे तेच, पण आपल्याकडे ते ऋषि, तेथें ते दिशादर्शक.

३. मधमाश्यांचें घर : गवताच्या वेण्यांनीं विणलेलें, टोपली उपडी घातल्यासारखें हें घर यूटामध्यें जागोजागीं दिसतें. 'बुक ऑफ मॉर्मन' या ग्रंथांत 'डेझरेट' या शब्दाचा अर्थ मधमाशी असा दिला आहे. म्हणून १८४९ त या लोकांनीं आपल्या नियोजित राज्यास तेंच नांव दिलें. संघशक्ति व उद्योग हा चिन्हाचा अर्थ. अमेरिकेच्या काँग्रेसनें तें नांव न स्वीकारितां प्रांतास यूटा म्हटलें. परंतु चिन्ह टिकलें. तें यूटाच्या राजमुद्रेवर आहे व २०२४ त अमलांत आलेल्या नव्या ध्वजावरहि आहे. धर्मचिन्ह लोकचिन्ह कसें होतें, याचें हें उत्तम उदाहरण होय.

४. तुतारी फुंकणारा देवदूत : सॉल्ट लेकच्या मंदिरावर मोरोनीची सोन्याचा वर्ख दिलेली ताम्रमूर्ति ता. ६ एप्रिल १८९२ रोजीं बसविली. ती घडविणारा सायरस डॅलिन हा स्वतः मॉर्मन नव्हता. सर्व राष्ट्रांस सुवार्ता सांगणाऱ्या 'प्रकटीकरणां'तील देवदूताशीं तिचा संबंध जोडितात. ही पूज्य प्रतिमा नव्हे. तिची आराधना होत नाहीं, व अलीकडच्या सर्वच मंदिरांवर ती नसते.

५. क्रूसाचा अभाव : ख्रिस्ती म्हणविणाऱ्या या पंथाच्या मंदिरांवर क्रूस नाहीं, याचें परकीयांस नवल वाटतें. परंतु हा निषेध आरंभापासूनचा नव्हे. १९१६ त सॉल्ट लेकजवळील एन्साइन टेकडीवर पूर्वजांच्या स्मरणार्थ क्रूस उभारण्याची सूचना पंथाच्याच वतीनें पुढें आली होती. विरोधामुळें ती मागें पडली. १९७५ त गॉर्डन हिंक्ली यांनीं, आमचा भर ख्रिस्ताच्या मृत्यूवर नसून तो जिवंत आहे यावर आहे, व अनुयायांचें आचरण हेंच आमचें चिन्ह, असा खुलासा केला. एप्रिल २०२० मध्यें पंथानें अधिकृत चिन्ह जाहीर केलें. त्यांत कमानीखालीं उभा असलेला ख्रिस्त आहे. ही आकृति डॅनिश शिल्पकार थोरवाल्सन याच्या कोपनहेगन येथील मूर्तीवरून घेतली आहे. ज्या पंथानें आचरणास चिन्ह म्हटलें, त्यासहि शेवटीं दृश्य आकृति घ्यावीशी वाटली, हें लक्ष्यांत ठेवण्यासारखें आहे.

मधमाश्यांचें घर, सूर्य, चंद्र, सर्वसाक्षी नेत्र व परस्परांत गुंफलेले हात हीं चिन्हें फ्रीमेसन मंडळींतहि होतीं, आणि स्मिथ स्वतः मार्च १८४२ मध्यें मेसन झाला होता. कित्येक अभ्यासक यास उसनवारी म्हणतात. श्रद्धावान त्यांत प्राचीन मंदिरविधीचे अवशेष पाहतात. आमच्या मतें, उगम ठरला तरी अर्थ ठरत नाहीं. 'पंकज' म्हणजे चिखलांत जन्मलेलें. तरी बेडकास कोणी पंकज म्हणत नाहीं. योगाहून रूढि बलवत्तर, हा शास्त्रकारांचा न्याय शब्दांप्रमाणेंच चिन्हांसहि लागू आहे.

यावरून संशोधकानें घ्यावयाचा बोध असा : चिन्ह कोणीं, केव्हां व कोणत्या क्रमानें कोरिलें, हें प्रथम पाहावें, त्या काळच्या लोकांनीं त्याचा काय अर्थ सांगितला, तो मुख्य मानावा, आणि मागाहून चिकटलेला अर्थ खोटा न म्हणतां त्याच्या कालनिर्देशासह वेगळा नोंदवावा. आपल्या 'आचंद्रार्क' सूर्यचंद्रांचा अर्थ इतरांनीं याच रीतीनें लावावा, अशी आपली अपेक्षा असते; तीच रीत परक्यांच्या चिन्हांस लावणें आपणांसहि प्राप्त आहे.