एका खांबावर चार घुमट

दुबईला पाहुणे आले की बुर्ज खलिफा आणि अबुधाबीची शेख झायेद मशीद ठरलेलीच. हातात आणखी एक दिवस असेल तर मी त्यांना फुजैराकडे नेते. हजरचे डोंगर ओलांडून दिब्ब्याच्या रस्त्याला लागलं की समुद्राजवळ अल बिदिया गाव येतं. तिथली मातकट रंगाची मशीद या देशातल्या सर्वांत जुन्या मशिदींपैकी एक. १९९७-९८ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या मदतीने तिचा अभ्यास झाला. ती १४४६च्या सुमाराची मानली जाते.

अबुधाबीच्या मशिदीला ८२ घुमट आहेत. हिला चारच, आणि मिनार नाही. जागा जेमतेम ५३ चौरस मीटर, म्हणजे आपल्याकडच्या वन बीएचकेएवढी! दगड आणि कच्च्या विटांच्या जाड भिंती, वरून गिलावा. घुमट लहानमोठे, उपडे वाडगे एकावर एक रचल्यासारखे थराथराचे.

खरी गंमत आत आहे. मधोमध एकच जाडजूड खांब. त्याच्यापासून भिंतींकडे कमानी जातात, चौकोनाचे चार भाग पडतात आणि प्रत्येक भागावर एक घुमट. या भागात लांब, मजबूत लाकूड मिळणं कठीण. म्हणून छपराला तुळई नाहीच. सगळा भार कमानींवरून खांबावर आणि भिंतींवर उतरतो. सजावट म्हणाल तर साधा मिहराब, छोटा मिंबर, वारा-उजेडासाठी जाळीच्या खिडक्या आणि भिंतीत कोनाडे. ते कोनाडे पाहून माझ्या सासूबाईंना कोकणातलं घर आठवलं. "आमच्याकडे यात दिवा असायचा," म्हणाल्या.

मातीचं बांधकाम एकदा करून विसरण्यातलं नसतं. गिलावा सुटला की पाणी भिंतीत शिरतं. इथे दुरुस्ती झाली आहे आणि मुख्य म्हणजे आजही नमाज होते, त्यामुळे वास्तूवर रोज कुणाची तरी नजर असते. गावाकडे कुलूप लावून आलेल्या आपल्या मातीच्या घरांना नेमकं तेवढंच मिळत नाही. परतताना गाडीत आमचा विषय तोच होता: यंदा पावसाआधी कोण जाणार, कौलं कोण बघणार.

जाणार असाल तर नमाजाची वेळ टाळा, अंगभर कपडे घाला, बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यावी. मागच्या टेकडीवरच्या जुन्या बुरुजांपर्यंत जरूर चढा. तिथून चारही घुमट, खजुरीच्या बागा आणि समुद्र एकदम दिसतात.