आयडलिंगचे दोन स्क्रू

सिग्नलला उभ्या गाडीच्या ॲक्सिलरेटरवर पाय नसतो, तरी इंजिन गुरगुरत राहते. हे आयडलिंग. प्रीमियर पद्मिनीसारख्या कार्बोरेटरच्या गाडीत त्याची सूत्रे दोन स्क्रूंकडे असतात.

कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि मुख्य जेटमधून पेट्रोल ओढले जाते. आयडलिंगला मात्र थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते. गळ्यातून हवा जेमतेम सरकते, मुख्य जेट गप्पच राहतो. खरी ओढ असते ती चकतीपलीकडे, इंजिनच्या बाजूला. म्हणून तिथे एक बारीक भोक असते; आयडल जेटचे पेट्रोल थोड्या हवेत मिसळून त्यातून आत जाते. एक स्क्रू चकती किती उघडी राहावी ते ठरवतो, टोकदार सुईचा दुसरा त्या भोकातून किती मिश्रण सुटावे ते.

१ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. आयडलिंगला पेट्रोल थोडे जास्तच द्यावे लागते, कारण सिलिंडरमध्ये मागे उरलेला जळका वायू नव्या मिश्रणात बराच मिसळतो आणि ते नीट पेट घेत नाही.

हे स्क्रू जुळवण्याआधी इग्निशनचे पॉइंट आणि टायमिंग जुळलेले हवेत. नाहीतर दुखणे एकीकडे आणि औषध भलतीकडे. इंजिन बंद असताना सुई अलगद टेकेपर्यंत आत फिरवून साधारण दीड आटा बाहेर काढतात. जोर लावला तर टोकावर वळ उठतो आणि ती सुई पुन्हा कधी नेमकी लागत नाही. मग इंजिन चांगले तापवून, चोक पूर्ण आत ढकलून, चकतीच्या स्क्रूने वेग मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास आणतात. आता सुई, पाव-पाव आट्याने. आत नेली की मिश्रण पातळ होऊन इंजिन अडखळते. बाहेर काढताना वेग चढतो. एका जागेनंतर आवाज जड होतो, सायलेन्सरला पेट्रोलचा वास येतो. सर्वांत चढ्या, एकसारख्या आवाजावर सुई थांबवायची आणि वाढलेला वेग चकतीच्या स्क्रूने उतरवायचा. एकाने दुसरे बिघडते, त्यामुळे हे दोन-तीनदा करावे लागते.

गाडी बंद पडते म्हणून नुसता चकतीचा स्क्रू पिळणे हा सर्रास चालणारा आळस. चकती जास्त उघडली की तिच्या कडेजवळची वरची भोकेही पेट्रोल सोडू लागतात. इंजिन चालते, पण सुई कितीही फिरवली तरी फारसा फरक पडत नाही. चकती योग्य जागी असूनही सुई दाद देत नसेल, तर आयडल जेट कचऱ्याने तुंबलेला असतो किंवा कार्बोरेटरखालच्या पॅकिंगमधून हवा शिरत असते. तिथे स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून पाना घ्यावा लागतो.