क्वार्टरबॅकची किंमत नेमकी काय मोजते?

अमेरिकन फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, टीम खेळाडूचा ट्रेड करते तेव्हा बदल्यात सहसा पैसे घेत नाही. दुसरे खेळाडू घेते, नाहीतर ड्राफ्टमधले पिक, म्हणजे कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू निवडण्याचा हक्क. फेऱ्या ७, पहिल्या फेरीचा पिक सगळ्यात मोलाचा. क्वार्टरबॅकच्या हातात टीमचं आक्रमण असतं. त्यामुळे साहजिकच वाटतं, खेळाडू जितका चांगला तितके पिक जास्त. डेटा गोळा करा, रिग्रेशन चालवा, झाला पेपर!

थांबा. फक्त २०२२ बघू. मार्चमध्ये डेन्व्हरने सिॲटलकडून रसेल विल्सन घेतला. त्यासाठी पहिल्या फेरीचे २, दुसऱ्या फेरीचे २ आणि पाचव्या फेरीचा १ पिक, वर ३ खेळाडू दिले. परत काय मिळालं, तर विल्सनसोबत चौथ्या फेरीचा एक पिक. त्याच महिन्यात २०१६चा एमव्हीपी मॅट रायन तिसऱ्या फेरीच्या एका पिकवर गेला. आणि २०१८च्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडला गेलेला बेकर मेफिल्ड? जुलैमध्ये क्लीव्हलँडने तो कॅरोलायनाला दिला, २०२४च्या पाचव्या फेरीच्या पिकवर (पुरेसा खेळला तर चौथ्या). शिवाय त्याच्या पगारातले सुमारे १.०५ कोटी डॉलर क्लीव्हलँडनेच भरले.

मेफिल्ड इतका वाईट होता का? २०२०च्या हंगामात याच गड्याने क्लीव्हलँडला प्लेऑफची मॅच जिंकून दिली होती. पण मार्चमध्ये टीमने डेशॉन वॉटसनला आणलं आणि मेफिल्डला काढायचंय हे सगळ्यांना कळलं. अडला हरी! जुलैपर्यंत बहुतेक टीमच्या क्वार्टरबॅकच्या जागाही भरल्या होत्या. त्यात करारातला पगार १.८८ कोटी डॉलर आणि टीमची सॅलरी कॅप २०.८२ कोटी.

म्हणजे तुमच्या 'किंमत' या व्हेरिएबलमध्ये कौशल्य आहे, करार आहे आणि विकणाऱ्याची अडचणही आहे. माझ्या मते सगळ्यात जड वजन दुसऱ्या गिऱ्हाइकाचं. लिलावात भाव तोच चढवतो. पण नाकारलेल्या ऑफर रेकॉर्डवर येत नाहीत, आणि ज्यांना गिऱ्हाईकच मिळालं नाही ते खेळाडू तर थेट करारमुक्त होतात, ट्रेडच्या यादीत दिसतच नाहीत. सिलेक्शन बायसचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं.

आणखी एक मोह टाळा. विल्सनच्या पहिल्या हंगामात डेन्व्हरने १७ पैकी १२ मॅच हरल्या; २०२४मध्ये त्यांनी त्याला सोडलं. मेफिल्डला त्याच वर्षी टँपा बेने ३ वर्षांसाठी १० कोटी डॉलरचा करार दिला. मग २०२२चा बाजार चुकला असं म्हणायचं का? नाही. ट्रेडच्या तारखेला जी माहिती उपलब्ध होती, तेवढीच मॉडेलमध्ये घ्यायची.

मी हा डेटा बांधला तर प्रत्येक ट्रेडपुढे आणखी चार कॉलम ठेवेन: करार किती वर्षं उरलाय, कॅपचा किती हिस्सा जातो, विकणाऱ्याकडे बदली खेळाडू आहे का, आणि त्या दिवशी क्वार्टरबॅक शोधणाऱ्या टीम किती. चौथा कॉलम त्या आठवड्याच्या बातम्या वाचून हातानेच भरावा लागेल, आणि तोही दोघांनी वेगवेगळा.