पंप चालतो, पण बंद पडल्यावर पुन्हा सुरू होतो का?

एसटीत बसल्यावर हेडफोन घरी राहिलेत हे ज्यांना कळतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललो तेच आहे, फक्त थोडं आवरून लिहिलंय.

आजचा विषय: घरातल्या खाऱ्या पाण्याच्या रीफ टाकीसाठी पाणी फिरवणारा पंप कसा निवडायचा?

आधी माझी चूक सांगतो. १६ मे २०२१, रविवार. तौक्ते चक्रीवादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून चाललेलं. मी घरूनच काम करायचो आणि हॉलमध्ये माझी २०० लिटरची टाकी होती. दोन क्लाऊनफिश, थोडे मऊ प्रवाळ आणि एकच मोठा पंप. लाईट गेली. इन्व्हर्टर रात्रीपर्यंत पुरला. मग मी आणि आई आळीपाळीने तांब्याने टाकीतलं पाणी उचलून वरून ओतत बसलो. दुसऱ्या दिवशी लाईट आली, पंपाची घूं घूं ऐकू आली आणि मी गाढ झोपलो. संध्याकाळी आईने हलवून उठवलं. "लाईट आलीये ना रे? मग पाणी का हलत नाही?"

पंप घुमत होता, पण फिरत नव्हता. दोन्ही मासे गेले.

उघडून बघितलं तर आतल्या चाकावर, म्हणजे इंपेलरवर, चुन्याचा पांढरा थर. फिरत होता तोवर वेगाच्या जोरावर चालला. एकदा थांबल्यावर शून्यातून उठायची ताकद उरली नव्हती. आम्ही सॉफ्टवेअरवाले नेहमी हेच विसरतो. वर्षभर बंद न पडलेला सर्व्हर भारी वाटतो, पण तो रीस्टार्ट होतो की नाही, हे वर्षभर कुणी तपासलेलं नसतं!

आता हे इतकं महत्त्वाचं का? २५ अंशांवर गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलीग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, समुद्राच्या पाण्यात साधारण ६.७. म्हणजे साठा मुळात कमी. तो भरून निघतो पाण्याच्या पृष्ठभागावर, आणि पृष्ठभाग हलवतो पंप. प्रवाळ तर जागचा हलूच शकत नाही. त्याचं खाणं आणणं, घाण नेणं, सगळं प्रवाहाकडे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, तिथल्या प्रवाळांना हे काम लाटा फुकट करून देतात. (आणि हो, किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नका. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे.)

मग घेताना काय बघायचं?

एक, मोठ्या एका पंपाऐवजी छोटे दोन. मऊ प्रवाळांसाठी ताशी टाकीच्या १० ते २० पट प्रवाह पुरतो. २०० लिटरला २००० ते ४००० लिटर. तो दोघांत वाटा आणि दोघांचे प्लग वेगळ्या बोर्डांवर ठेवा. एक रुसला तरी दुसरा सांभाळतो.

दोन, रीस्टार्टची परीक्षा. नवा पंप बादलीत ठेवून दहा वेळा बंद-चालू करा. ऑनलाईन घेतला असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत करा. कंट्रोलरवाला डीसी पंप असेल तर अजून एक बघा: लाईट आल्यावर तो आपोआप, आधीच्याच वेगाने सुरू होतो का? काही कंट्रोलर बटण दाबेपर्यंत गप्प बसतात.

तीन, बॅटरी. कोकणात राहून हा मुद्दा टाळता येत नाही. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ८४ वॉट-तास. १० वॉटचा, त्याच व्होल्टेजचा डीसी पंप त्यावर प्रत्यक्षात पाच-सहा तास निघतो. रात्र भागत नसेल तर दुप्पट क्षमता घ्या.

चार, दांडा सिरॅमिकचा हवा. साधं स्टील खाऱ्या पाण्यात गंजतं. तांबं-पितळ तर पाण्याला लागताच कामा नये, प्रवाळ आणि कोळंबीला ते विष आहे.

पाच, वॉट. पाण्यात बुडालेला पंप जितके वॉट खातो, ते जवळजवळ सगळे उष्णता बनून पाण्यातच उतरतात. ४० वॉटचा पंप २०० लिटर पाणी सहा तासांत एक अंशाने तापवू शकतो. आपल्या एप्रिल-मेमध्ये हा एक अंशसुद्धा महाग पडतो.

सहा, खोक्यावरचा आकडा. 'ताशी ३००० लिटर' हे शून्य उंचीवरचं असतं. खालच्या टाकीतून पाणी वर चढवणार असाल तर तुमच्या उंचीला किती मिळतं, तो तक्ता बघा.

आणि देखभाल? महिन्यातून एकदा बादलीत निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर घेऊन पंप तासभर चालवा. चुना सुटतो. मग साध्या पाण्याने धुवून परत लावा. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढा आणि त्या लाईनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वायर प्लगच्या खाली झोळ पडेल अशी सोडा, म्हणजे ओघळ बोर्डात शिरणार नाही.

महागडा एकच पंप घ्यायचा की मधल्या किमतीचे दोन आणि एक बॅटरी, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून दुसरं सांगेन.

आमच्याकडे आता दर महिन्याच्या एक तारखेला आई स्वतः स्विच बंद करते, दहापर्यंत मोजते, परत चालू करते. मग आवाज ऐकत नाही, पाण्याकडे बघते. तुम्हीही आज, जागे असताना, एकदा करून बघा. नाही सुरू झाला तर निदान तुम्ही समोर असाल.

भेटू पुढच्या भागात!