उंबरठ्यावरचा नरसिंह : डेमोनिक रिझरेक्शनची वाटचाल

भय, मृत्यू, एकाकीपणा आणि काळोख यांना मध्यवर्ती स्थान देणाऱ्या पाश्चात्त्य संगीताला ‘गॉथिक’ हे विशेषण लावले जाते. हा शब्द आधी युरोपातील मध्ययुगीन चर्चच्या उंच, टोकदार कमानींच्या वास्तुशैलीसाठी रूढ झाला. होरेस वॉलपोलच्या १७६४ मधील ‘द कॅसल ऑफ ऑट्रान्टो’ या कादंबरीपासून तो जुन्या गढ्यांत घडणाऱ्या भयकथांना लागला. आणि इंग्लंडच्या नॉर्दॅम्प्टन गावातील बाउहाउस या बँडने १९७९ मध्ये नऊ मिनिटांहून लांब असे ‘बेला लुगोसीज डेड’ हे गाणे प्रसिद्ध केल्यानंतर तो रॉक संगीताच्या एका शाखेशी कायमचा जोडला गेला. याच काळोख्या कुळातील थोरली शाखा म्हणजे हेवी मेटल. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथने १९७० मध्ये तिचा पाया घातला आणि नव्वदच्या दशकात नॉर्वेच्या डिमू बोर्गिर व इंग्लंडच्या क्रेडल ऑफ फिल्थ या बँडनी तिला कीबोर्डवर उभ्या केलेल्या वाद्यवृंदाची आणि भयनाट्याची जोड दिली. भारतात या शैलीची वाट ज्यांनी पाडली, त्यांत २००० साली मुंबईत साहिल मखिजा यांनी स्थापन केलेल्या डेमोनिक रिझरेक्शन या बँडचे स्थान अग्रभागी आहे.

हे संगीत गॉथिक रॉकहून अधिक वेगवान आणि कठोर असले, तरी दोहोंचा भावप्रदेश एकच आहे. यात गायक कंठातून खोल गुरगुरता स्वर काढतो, त्यामुळे शब्दांपेक्षा आवाजाचा पोतच आधी जाणवतो. ड्रमवादक दोन्ही पायांनी दोन पेडल चालवून मोठ्या ढोलावर अखंड थाप धरतो. विजेच्या गिटारचा स्वर मुद्दाम फाटका, खरखरीत केलेला असतो. आणि या सगळ्या गदारोळामागे कीबोर्डमधून समूहगानाचे व तंतुवाद्यांचे संथ सूर पसरत राहतात. वेगवान पुढची बाजू आणि संथ पार्श्वभूमी यांच्या या ताणातूनच ऐकणाऱ्याला एखाद्या रिकाम्या, प्रचंड वास्तूत उभे असल्याचा भास होतो. या मिश्रणाला बँडने स्वतः ‘डेमोनिक मेटल’ असे नाव दिले.

असे संगीत करणाऱ्यांना त्या काळी मुंबईत आधार फारच थोडा होता. धोबी तलावाजवळच्या रंगभवन या खुल्या रंगमंचावर ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव अनेक वर्षे भरत असे. परंतु आसपासच्या रुग्णालयांमुळे व शिक्षणसंस्थांमुळे हा परिसर शांतता क्षेत्रात मोडला आणि तेथील मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद झाले. मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांचे लक्ष चित्रपटसंगीताकडे होते. अशा स्थितीत मखिजा यांनी गायन व गिटारवादन सांभाळून स्वतः ध्वनिमुद्रण केले, ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ ही प्रकाशनसंस्था काढली आणि ‘रिझरेक्शन’ नावाचा महोत्सव भरवून इतर भारतीय बँडनाही व्यासपीठ मिळवून दिले. वादक येत गेले आणि जात राहिले, तरी संस्थापकाने धरलेला धागा सुटला नाही.

‘डेमनस्टीलर’ हा पहिला अल्बम २००० मध्येच निघाला. त्यानंतर ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५), ‘बियाँड द डार्कनेस’ (२००७) आणि ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०) या, नावातच काळोख मिरवणाऱ्या तीन कृती आल्या. त्यांपैकी शेवटची इंग्लंडच्या कँडललाइट रेकॉर्ड्समार्फत परदेशातही पोहोचली आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ या नियतकालिकाच्या गोल्डन गॉड्स सोहळ्यात बँडला ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार मिळाला. २०१४ मध्ये ‘द डीमन किंग’ आला. तोवरच्या संगीतात कौशल्य होते, निष्ठा होती; मात्र त्यातील काळोखाची प्रतिमासृष्टी बऱ्याच अंशी युरोपातून आलेली होती.

२०१७ च्या ‘दशावतार’ या अल्बमने हे चित्र बदलले, आणि म्हणूनच या वाटचालीतील ती सर्वांत महत्त्वाची कृती ठरते. मत्स्य ते कल्की अशा दहा अवतारांवरची दहा गाणी तिच्यात आहेत. त्यांतील नरसिंहाची कथा मुळातच किती गॉथिक आहे, हे पाहण्याजोगे आहे. हिरण्यकश्यपूचा वध दिवसा होत नाही आणि रात्रीही होत नाही. घरात होत नाही आणि घराबाहेरही होत नाही. सांजवेळी उंबरठ्यावर, खांबातून प्रकटलेला अर्धा मनुष्य आणि अर्धा सिंह त्याला मांडीवर घेऊन नखांनी फाडतो. भयकथेला हव्या असलेल्या सीमारेषा, म्हणजे प्रकाश आणि अंधार, माणूस आणि पशू, आत आणि बाहेर, या एका प्रसंगात सगळ्या एकवटल्या आहेत.

महाराष्ट्राला हे भयनाट्य नवे नाही. कोकणच्या दशावतार या लोकनाट्यात रात्रीच्या आख्यानापूर्वी काळ्या पोशाखातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर रंगमंचावर येतो, आणि वेद चोरणाऱ्या या असुराचा विष्णूकडून वध होतो. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आदिवासी गावांत बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवाच्या रात्री संबळाच्या ठेक्यावर देव-दानवांचे लाकडी मुखवटे नाचतात. म्हणूनच मराठी श्रोत्याला ‘दशावतार’ हा अल्बम ऐकताना शैली परकी वाटेल, पण कथा घरचीच वाटेल.

कोणत्याही देशाची संगीतशैली दुसऱ्या देशात केवळ अनुकरणाने रुजत नाही. तिला तेथील स्मृतीचे खतपाणी लागते. डेमोनिक रिझरेक्शनला ही गोष्ट उमगायला सतरा वर्षे लागली. गोंगाट म्हणून हे संगीत बाजूला सारण्यापूर्वी मराठी रसिकांनी ‘दशावतार’मधील नरसिंहाचे गाणे एकदा, शक्य तर दिवेलागणीच्या वेळी, शांतपणे ऐकावे.