साखर कारखान्यातला पश्तो शायर

दौंड-शिरूरच्या ऊसपट्ट्यात साखर कारखान्यातला केमिस्ट ही काही नवलाची गोष्ट नाही. कुरकुंभच्या एमआयडीसीत तर रसायनांच्या कारखान्यांवरच कितीतरी घरांच्या चुली पेटतात. पण साखरेचं तंत्र शिकलेला असाच एक माणूस विसाव्या शतकातला पश्तो भाषेचा मोठा शायर, चित्रकार आणि शिल्पकार होता, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. त्यांचं नाव खान अब्दुल गनी खान. सरहद्द गांधी बादशाह खान यांचे ते थोरले चिरंजीव.

गनी खान यांचा जन्म १९१४ चा, पेशावरजवळच्या चारसद्दा भागातला. हा मुलूखही उसाचा आणि गुळाचा. ते लहान असताना इन्फ्लुएंझाची साथ आली आणि गनी बेशुद्ध पडले. आईने मुलाच्या खाटेभोवती फेऱ्या घातल्या आणि ‘या अल्लाह, याचं दुखणं मला दे’ अशी दुआ मागितली. मुलगा बरा झाला; आई मात्र त्याच आजारात गेली. बादशाह खान यांनीच ही हकीकत पुढे सांगितली आहे.

वडिलांनी १९२९ मध्ये ‘खुदाई खिदमतगार’ ही संघटना उभी केली. खुदाला स्वतःसाठी कशाचीच गरज नाही, म्हणून त्याने निर्माण केलेल्या माणसांची सेवा हीच त्याची सेवा, अशी त्यामागची भावना. बंदूक हा ज्यांचा दागिना, त्या पठाणांनी अहिंसेची शपथ घेतली. १९३४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर इंग्रज सरकारने बादशाह खान यांना सरहद्द प्रांत आणि पंजाबात जायला बंदी केली. तेव्हा त्यांना आसरा दिला तो आपल्या वर्ध्याने. गांधीजींच्या सहवासात आणि जमनालाल बजाज यांच्या पाहुणचारात ते राहिले. त्यांची लेक मेहेरताजही वर्ध्याला आली. डिसेंबरात, मुंबईतल्या एका भाषणाच्या निमित्ताने, पोलिसांनी त्यांना वर्ध्यातूनच पकडून नेलं.

गनी खान तोवर इंग्लंड-अमेरिकेत शिकून परतले होते. १९३४ मध्येच ते रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात दाखल झाले. तिथे नंदलाल बोस यांचं कलाभवन होतं. चित्रकलेची आणि शिल्पकलेची गोडी त्यांना इथेच लागली. तो मुक्काम फार लांबला नाही. पुढे पोटापाण्यासाठी ते तख्तभाईच्या साखर कारखान्यात रुजू झाले. त्या गावाच्या डोंगरावर प्राचीन बौद्ध विहाराचे अवशेष आजही उभे आहेत. १९३९ मध्ये त्यांनी रोशन यांच्याशी विवाह केला. त्या हैदराबाद संस्थानातल्या पारशी घराण्यातल्या. आपला मराठवाडाही तेव्हा याच संस्थानात होता.

बाप-लेकांचं सगळंच जुळलं, असं मात्र नाही. फाळणीच्या तोंडावर खुदाई खिदमतगारांवर हल्ल्यांची भीती वाढली, तेव्हा १९४७ मध्ये गनी खान यांनी ‘झल्मे पख्तून’ नावाची तरुणांची फळी उभारली. ती शस्त्र बाळगणारी होती. वडिलांनी आयुष्यभर अहिंसा सांगितली आणि मुलाने आपल्या माणसांच्या रक्षणासाठी हत्यार जवळ केलं. ज्या घरातून हजारोंनी अहिंसेचा धडा घेतला, त्याच घरातला हा पेच होता.

पाकिस्तान झाल्यावर १९४८ मध्ये सरकारने गनी खान यांना अटक केली. १९५४ पर्यंतचा काळ वेगवेगळ्या तुरुंगांत गेला. वडीलही गजाआडच होते. या सहा वर्षांत गनी खान यांच्या हातात हत्यार नव्हतं, लेखणी होती. तुरुंगातल्या कवितांच्या संग्रहाला त्यांनी नाव दिलं ‘द पंजरे चघार’, म्हणजे पिंजऱ्यातला चिवचिवाट. सुटल्यावर ते राजकारणापेक्षा कवितेत, रंगांत आणि मातीच्या मूर्तींत अधिक रमले. माणसाचा चेहरा हा त्यांच्या चित्रांचा आवडता विषय. १९४७ मध्ये आलेल्या ‘द पठान्स’ या इंग्रजी पुस्तकात त्यांनी आपल्याच समाजाचे गुणदोष हसतखेळत सांगितले आहेत.

पठाण त्यांना प्रेमाने ‘लेवने फल्सफी’, म्हणजे वेडा तत्त्वज्ञ म्हणत. दिखाऊ धार्मिकता आणि स्वर्ग-नरकाचा धाक घालणारा मुल्ला यांची त्यांनी कवितेत भरपूर टिंगल केली. त्यामुळे कट्टर मंडळी त्यांच्यावर नाराज असत. पण खुदाशी त्यांचं बोलणं कधी तुटलं नाही. ते त्याच्याशी भांडत, त्याला प्रश्न विचारत, आणि फुलात, चेहऱ्यात, सुरात त्यालाच शोधत. १५ मार्च १९९६ रोजी ते गेले. सरदार अली टक्कर यांच्यासारख्या गायकांनी त्यांच्या रचना घराघरांत पोचवल्या.

रमजानमध्ये रोजा फक्त पोटाचा नसतो; हाताचा, जिभेचा, नजरेचाही असतो, असं घरोघरी सांगितलं जातं. सब्र म्हणजे राग गिळून गप्प बसणं, असा अर्थ अनेकदा घेतला जातो. गनी खान गप्प बसले नाहीत. अन्यायाचा राग त्यांनी मनात कुजू दिला नाही आणि कोठडीत त्याचं विषही होऊ दिलं नाही. त्याची कविता केली. सहा वर्षं कोंडलेल्या माणसाने जगाला शाप दिले असते, तरी कुणी दोष दिला नसता. त्याने गाणी दिली. सब्राचा हाही एक अर्थ आहे, आणि तो समजायला पश्तो यावी लागत नाही.