दाढ काढायची आहे, गोळी बंद करू?

दाढ काढायची ठरली की हृदयरुग्णाच्या घरात सल्ला तयारच असतो: ‘रक्त पातळ करायची गोळी चार दिवस बंद ठेवा, नाहीतर रक्त थांबायचं नाही.’ सल्ला काळजीपोटीच दिलेला, पण जिवावर बेतू शकणारा. या गोळ्यांनी रक्ताचं पाणी होत नाही; गुठळी धरायला वेळ लागतो, एवढंच. हिरडीतलं रक्त बोटाने दाबता येतं, टाका घालता येतो. गोळी बंद असताना कृत्रिम झडपेवर किंवा स्टेंटमध्ये गुठळी झाली, तर तिथे कुणाचं बोट पोचणार?

‘कालची गोळी घेतलीच नाही,’ असं काहीजण खुर्चीत बसल्यावर मोठ्या कौतुकाने सांगतात. ॲस्पिरिनचा परिणाम प्लेटलेट जगते तोवर, म्हणजे ७ ते १० दिवस राहतो; एका दिवसाने काही साधत नाही. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम घेणाऱ्यांनी आदल्या दिवशी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) तपासावा. तो ४ च्या खाली असेल, तर एक-दोन दात सहसा गोळी चालू ठेवूनच काढतात. ॲपिक्साबान, डाबिगाट्रानसारख्या नव्या गोळ्यांचा सकाळचा डोस चुकवायचा का, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

खरा घोळ दाढ काढल्यावर होतो. खड्ड्यात जिलेटिनचा स्पंज, वर टाके आणि गॉझ. तो गॉझ २०-३० मिनिटं घट्ट चावून धरायचा. पण दर दोन मिनिटांनी तो काढून आरशात बघितलं, की नुकती धरलेली गुठळी त्याच्याबरोबर उपटून येते. थुंकल्यानेही तेच. चमचाभर रक्त लाळेत मिसळलं की वाटीभर दिसतं आणि घरचे घाबरतात. पहिला दिवसभर चूळ नको, गरम चहा नको, मिश्री तर नकोच. रक्त पुन्हा आलं, तर स्वच्छ ओला गॉझ घडी करून तेवढाच वेळ चावा; तरी थांबलं नाही, तर सरळ दवाखाना गाठा. ट्रानेक्सॅमिक ॲसिडचं औषध दिलं असेल, तर ते तोंडात नुसतं धरायचं, खळखळवायचं नाही.

दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नये; त्यांनी रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल चालतं. दाढेनंतर सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडॅझोल वॉरफेरिनचा जोर वाढवतं आणि आयएनआर वर चढतो. म्हणून जाताना चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकूनच जावं; ‘ती छोटी पांढरी गोळी’ एवढ्यावरून दातांच्या डॉक्टरांनी तरी काय ओळखायचं?